पॅकहाऊसचा दिवस कधी बदलतो? निफाडमधील अहवालांचे एक प्रकरण

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये ऐन फेब्रुवारीत रोज सकाळी तोच वाद व्हायचा. आदल्या दिवशी किती पेट्या भरल्या याचा एक आकडा सुपरवायझरच्या वहीत असायचा आणि दुसराच आकडा नाशिकला गंगापूर रोडवरच्या ऑफिसात संगणकावर दिसायचा. फरक कधी किरकोळ, कधी एका अख्ख्या लाइनच्या कामाएवढा. त्यातच संध्याकाळी सहाच्या सुमाराला दुसरे दुखणे सुरू व्हायचे. पेटीवरचा बारकोड मारला की नोंद व्हायला वेळ लागायचा, स्कॅनर धरलेली मुलगी थांबायची आणि तिच्यामागे पेट्यांची थप्पी वाढत जायची.

मालकांना तिथे सगळे नाना म्हणतात. डेटाबेस आणि अहवालांचे काम बघणाऱ्या आम्हाला त्यांनी बोलावले तेव्हा त्यांच्या मनात उत्तर जवळपास ठरलेले होते. "सर्व्हर मोठा घेऊन टाकू का? हंगाम चालू आहे, पैशाचं नंतर बघू." त्यांची घाई समजण्यासारखी होती. जानेवारी ते एप्रिल एवढाच काय तो निर्यातीचा काळ, त्यात दोन दिवस वाया गेले तर ते भरून निघत नाहीत. तरी आम्ही विनंती केली, आधी आहे त्याच सेटिंग नीट बघू द्या.

नाशिक परिसरातल्या बऱ्याच मध्यम उद्योगांची आज अशीच रचना आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. व्यवहाराचे स्वतःचे सॉफ्टवेअर असते, त्याखाली पोस्टग्रेससारखा डेटाबेस असतो आणि वर कोणीतरी कधीतरी बसवून दिलेले अहवालाचे सॉफ्टवेअर असते. डेटाबेस जोडताना होस्ट, पोर्ट, नाव, पासवर्ड भरले की आकडे दिसू लागतात. खाली 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' म्हणून आणखी एक कप्पा असतो, तो उघडायची वेळच येत नाही. माझे ठाम मत आहे की त्या कप्प्यातले आणि अशा इतर सेटिंगमधले निम्मे प्रश्न संगणकाचे नसतात. दिवस कधी बदलतो, गर्दीच्या वेळी आधी कोणाचे काम व्हावे, कोणाला काय दिसावे, हे ते प्रश्न. त्यांची उत्तरे पॅकहाऊस चालवणाऱ्यांकडेच असतात.

आधी कामाची पद्धत

द्राक्षाची तोडणी सकाळी, ऊन चढायच्या आत होते. माल कॅरेटमध्ये भरून दुपारपर्यंत पॅकहाऊसला येतो. काट्यावर वजन होते, मग प्रतवारी, छाटणी, अर्ध्या अर्ध्या किलोचे पनेट (छोटे डबे), पेटी, पॅलेट आणि लगेच प्रीकूलिंग, म्हणजे माल झटपट थंड करणे. आलेला माल उद्यावर ढकलता येत नाही. तोडल्यानंतर जितका वेळ तो बाहेर उष्ण हवेत राहील तितके देठ सुकतात आणि युरोपातला खरेदीदार आधी देठच बघतो. म्हणून ऐन हंगामात पॅकिंग रात्री एक-दोनपर्यंत चालते. भरलेला कंटेनर बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतरच गेटबाहेर पडून न्हावा शेवा बंदराच्या वाटेला लागतो.

नोंदी तीन ठिकाणी होत होत्या. पॅकिंग लाइनवर पेटी भरली की बारकोड मारला जाई. गेटवर कंटेनर सुटला की गेटपास निघे. काट्याचे सॉफ्टवेअर वेगळ्याच माणसाने करून दिलेले होते, पण त्याच्या नोंदीही त्याच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये येऊन पडत. अहवालासाठी मेटाबेस नावाचे सॉफ्टवेअर होते. डेटाबेस क्लाउडवर, मुंबईतल्याच डेटा सेंटरमध्ये, चार कोअर आणि सोळा जीबी मेमरीच्या यंत्रावर चालत होता.

वही आणि पडदा

पहिल्या दिवशी आम्ही कोणत्याही सेटिंगला हात लावला नाही. सुपरवायझर दादांची वही, गेटचे रजिस्टर आणि काट्याच्या पावत्या घेतल्या आणि एकाच तारखेचे तिन्ही आकडे मेटाबेसच्या अहवालांशी ताडून बघितले. काट्याचा आकडा बरोबर जुळला. गेटचाही जुळला. पॅकिंगचा नाही.

अकाउंट्स बघणाऱ्या ताईंनी मग सांगितले की डिसेंबरात बरोबर उलटे होते. तेव्हा पॅकिंगचा आकडा वहीशी तंतोतंत जुळायचा आणि गेटचा चुकायचा. रात्री एकला सुटलेला कंटेनर गेटपासवर पंधरा तारखेचा आणि अहवालात चौदाचा. त्यांनी तक्रार केल्यावर ऑफिसातल्या मुलाने एक सेटिंग बदलली, गेटचे अहवाल सुधारले आणि त्याच दिवसापासून पॅकिंगचे बिघडले. मधल्या काळात दादांच्या आग्रहावरून ती सेटिंग परत फिरवली गेली आणि ताईंच्या आग्रहावरून पुन्हा लावली गेली. दोघांनाही आपलेच खरे वाटत होते आणि आपापल्या जागी दोघांचेही खरेच होते.

ती सेटिंग म्हणजे मेटाबेसच्या लोकलायझेशन पानावरचा 'रिपोर्ट टाइमझोन'. मुळात ती 'डेटाबेस डिफॉल्ट' अशी असते, म्हणजे डेटाबेसचे जे घड्याळ तेच अहवालाचे. डेटाबेस मुंबईत असला तरी क्लाउडवरच्या यंत्रांचे घड्याळ सर्रास यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असते. भारतीय प्रमाणवेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री १ वाजून १० मिनिटांनी मारलेला बारकोड यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशीच्या संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांचा ठरतो. थोडक्यात, मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे सगळे काम आदल्या तारखेत जमा होते.

पॅकिंगच्या दृष्टीने हे योगायोगाने अगदी बरोबर होते! दादांच्या वहीतला दिवस मध्यरात्री संपतच नाही. दुपारी बसलेली पाळी रात्री दोनला उठली तरी ते सगळे काम त्याच दिवसाचे, बायकांची मजुरी आणि ओव्हरटाइम त्याच दिवसात धरायचा. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो आणि त्या वेळी पॅकहाऊसमध्ये कोणीच पॅकिंग करत नाही. म्हणून डिसेंबरात चुकीच्या घड्याळाने बरोबर वही छापली जात होती. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' केल्यावर घड्याळ बरोबर झाले आणि पाळी मधोमध तुटली.

मग काट्याचा अहवाल कुठल्याच सेटिंगने का हलला नाही? पोस्टग्रेसमध्ये वेळ साठवायचे दोन प्रकार आहेत, टाइमझोनसह आणि टाइमझोनशिवाय. पहिल्या प्रकारात तो नेमका क्षण साठवला जातो आणि बघणाऱ्याच्या टाइमझोनप्रमाणे दाखवला जातो. दुसऱ्यात नुसतेच घड्याळातले आकडे साठतात, ते कुठले घड्याळ हे डेटाबेसला ठाऊक नसते. काटेवाल्याने दुसरा प्रकार वापरला होता आणि भारतीय वेळच लिहिली होती, त्यामुळे रिपोर्ट टाइमझोन काहीही असला तरी त्यात फरक पडत नव्हता. निदानात याच गोष्टीने सगळ्यांना चकवले होते. "काट्याचं बरोबर येतंय म्हणजे टाइमझोन बरोबर आहे," असे ऑफिसातला मुलगा म्हणत होता आणि वरवर पाहता त्याचे म्हणणे चुकीचे वाटत नव्हते.

रिपोर्ट टाइमझोन पूर्ण सॉफ्टवेअरला मिळून एकच असतो. त्यातून एकतर गेट खूश होईल किंवा पॅकिंग. तेव्हा नाना, दादा आणि ताई अशा तिघांना एका टेबलाशी बसवले आणि एवढेच विचारले, पॅकहाऊसचा दिवस किती वाजता बदलतो? पहिल्यांदा तिघांनीही "बाराला" असेच सांगितले. मग दादा थांबले आणि म्हणाले, "नाही हो, बाराला तर आमचा चहा होतो. दिवस बदलतो तो सकाळी झाडलोट झाल्यावर." पहाटे चार ते सात या वेळात कधीच पॅकिंग होत नाही, यावर तिघांचे एकमत झाले आणि सकाळी सहा ही सीमा ठरली. गेटपासची तारीख मात्र कॅलेंडरचीच राहणार होती, कारण पुढची कागदपत्रे तिच्यावर जातात.

हा निर्णय आम्ही सेटिंगमध्ये न ठेवता डेटाबेसमध्येच लिहिला. अहवालांसाठी एक वेगळा स्कीमा, म्हणजे डेटाबेसमधला स्वतंत्र कप्पा, केला आणि त्यात पॅकिंगचा व्ह्यू, म्हणजे मूळ नोंदींवरून सूत्राने तयार होणारा तक्ता, बनवला. पेटीची वेळ आधी 'एशिया/कोलकाता'मध्ये आणायची, त्यातून सहा तास वजा करायचे आणि उरलेल्याची फक्त तारीख घ्यायची. तिला नाव दिले 'पाळी दिनांक'. ही नुसती तारीख असते, तिला तास-मिनिटे नसतात, त्यामुळे पुढे कोणी रिपोर्ट टाइमझोन फिरवला तरी ती ढळत नाही. गेटच्या व्ह्यूमध्ये 'कॅलेंडर दिनांक' असा दुसरा स्तंभ ठेवला. स्तंभाच्या नावातच अर्थ आल्यामुळे अहवाल बनवणाऱ्याला आपण कोणता दिवस मोजतो आहोत हे दिसते.

असा व्ह्यू लिहिणाऱ्याने एक काळजी जरूर घ्यावी. पोस्टग्रेसमधला 'ॲट टाइम झोन' हा शब्दप्रयोग वेळेच्या दोन प्रकारांवर उलट दिशांनी चालतो. टाइमझोनसह साठवलेल्या वेळेला तो स्थानिक घड्याळात आणतो, तर टाइमझोनशिवायच्या वेळेला 'हे घड्याळ अमुक ठिकाणचे होते' असे सांगून खरा क्षण बनवतो. काट्याच्या नोंदींवर पॅकिंगचेच सूत्र चिकटवले असते तर आतापर्यंत बरोबर असलेला एकमेव अहवालही बिघडला असता. म्हणून सूत्र लिहिण्याआधी डेटाबेसमधल्या प्रत्येक तक्त्यातल्या (टेबलमधल्या) वेळेच्या स्तंभाचा प्रकार उघडून बघावा, अंदाजाने चालू नये.

जुन्या मजुरीचे काय, ही शंका ताईंनी लगेच काढली. मजुरी पहिल्यापासून वहीवरूनच दिली गेली होती, म्हणून कोणाचे नुकसान झालेले नव्हते. जानेवारीचे सगळे दिवस नव्या व्ह्यूवरून काढून वहीशी लावून पाहिले आणि मगच दादांनी सकाळची ताडाताडी बंद केली.

संध्याकाळी सहा

आता दुसरे दुखणे. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, हे त्या डेटाबेसचे मोठे बलस्थान आहे. म्हणजे अहवालाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालू असताना बारकोडची नोंद कुलपात अडकून बसत नव्हती. पण प्रोसेसर, डिस्क आणि मेमरी तर एकच. संध्याकाळी सहाला तीन लाइन पूर्ण वेगात असतात आणि नेमके तेव्हाच सगळ्यांना किती झाले हे बघायचे असते.

पोस्टग्रेस त्या क्षणी काय करतो आहे हे 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' या व्ह्यूमध्ये दिसते. कोणते कनेक्शन, कोणाच्या नावाने, कोणती क्वेरी, केव्हापासून. सहाला तो उघडला आणि चित्र स्पष्ट झाले. जवळपास सगळ्या रेंगाळलेल्या क्वेरी मेटाबेसच्या होत्या आणि त्याच त्याच होत्या. मेटाबेस आपल्या प्रत्येक क्वेरीच्या माथ्यावर ती कोणत्या वापरकर्त्याची हे टिपणीत लिहितो, त्यामुळे मूळ शोधायला वेळ लागला नाही. हॉलमध्ये लावलेल्या टीव्हीवरचा डॅशबोर्ड दर मिनिटाला स्वतःला ताजा करत होता. त्यावर आकड्यांच्या बारा चौकटी होत्या, म्हणजे दर मिनिटाला बारा क्वेरी. तोच डॅशबोर्ड ऑफिसात आणि नानांच्या घरीही उघडा असायचा आणि प्रत्येक पडद्याचा हिशेब वेगळा. एखादी क्वेरी मिनिटात संपली नाही की तिच्या पाठीवर पुढची येऊन बसे. शिवाय पोस्टग्रेस मोठा तक्ता वाचताना एका क्वेरीला मुळात दोन जादा मदतनीस प्रोसेस देऊ शकतो. चार कोअरच्या यंत्राला एवढी गर्दी झेपणार कशी?

क्वेरी इतक्या का रेंगाळत होत्या, तेही बघितले. पेट्यांच्या तक्त्यात मागच्या सगळ्या हंगामांच्या नोंदी होत्या. वेळेच्या स्तंभावर इंडेक्स, म्हणजे हवी ती नोंद पटकन सापडावी यासाठीची सूची, होता, पण हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये (क्वेरीच्या भाषेत) अट अशी होती की त्या वेळेचे तारखेत रूपांतर करा आणि ती आजच्या तारखेएवढी असेल ते घ्या. स्तंभावर असे रूपांतर चढवले की साध्या इंडेक्सचा उपयोग होत नाही आणि डेटाबेस पहिल्या पेटीपासून शेवटच्या पेटीपर्यंत सगळे वाचत जातो. क्वेरी कशी चालते ते दाखवणारे 'एक्सप्लेन ॲनालाइझ' चालवल्यावर 'सिक्वेन्शियल स्कॅन', म्हणजे सगळा तक्ता ओळीने वाचणे, ही ओळ समोर आलीच.

इथे वरचा निर्णय पुन्हा आडवा आला. पाळी दिनांक हाही सूत्रातून निघणारा स्तंभ, म्हणजे त्यावर गाळणी (फिल्टर) लावली की तीच गत. आकडे बरोबर आले होते, पण वेग आणखी ढासळला असता. उपाय असा की त्या पूर्ण सूत्रावरच इंडेक्स बांधायचा. सूत्रात टाइमझोनचे नाव स्पष्ट लिहिलेले असले तरच पोस्टग्रेस हे करू देतो. नाव न देता सेशनच्या, म्हणजे त्या त्या जोडणीच्या, टाइमझोनवर सोडले तर तो नकार देतो, कारण माणसागणिक बदलणाऱ्या उत्तराचा इंडेक्स बांधता येत नाही. व्ह्यूमधले आणि इंडेक्समधले सूत्र अक्षरशः सारखे असले पाहिजे. इंडेक्स 'कंकरंटली' बांधला, म्हणजे बांधकाम चालू असताना नव्या पेट्यांच्या नोंदी थांबल्या नाहीत, आणि तेही सकाळी आठच्या आत, लाइन सुरू होण्यापूर्वी. मग तक्त्याची आकडेवारी नव्याने गोळा करणारे 'ॲनालाइझ' चालवले. त्यानंतर त्याच क्वेरीच्या योजनेत इंडेक्सचे नाव दिसू लागले.

टीव्हीचे ताजे होणे एका मिनिटावरून पाच मिनिटांवर आणले. दादांना विचारूनच. लाइनवरची माणसे इकडची तिकडे हलवायची तर पाच मिनिटांपूर्वीचा आकडा त्यांना पुरतो, असे त्यांनीच सांगितले. मागील हंगामांशी तुलना करणाऱ्या चार चौकटी टीव्हीवरून काढून दुसऱ्या डॅशबोर्डवर टाकल्या. मागच्या हंगामांच्या बेरजांसाठी मटेरियलाइज्ड व्ह्यू, म्हणजे काढलेले उत्तर साठवून ठेवणारा व्ह्यू, केला, तो पहाटे एकदाच ताजा होतो. गेलेला हंगाम दर पाच मिनिटांनी नव्याने मोजायची गरजच नव्हती.

ॲडव्हान्स्ड कप्पा

मेटाबेसमध्ये डेटाबेस जोडला की तो ठरावीक वेळाने दोन कामे करतो. एक सिंक, म्हणजे कोणते तक्ते आणि स्तंभ आहेत ते पाहणे, हे साधारण दर तासाला. दुसरे स्कॅन, म्हणजे गाळणीच्या यादीत दाखवण्यासाठी स्तंभांतली वेगवेगळी मूल्ये गोळा करणे, हे रोज एकदा. सिंक हलके असते. स्कॅन मोठ्या तक्त्यांवर जड जाऊ शकते आणि इथे त्याची वेळ संध्याकाळची पडली होती. द्राक्षाचे वाण, प्रत आणि शेतकऱ्याचा नोंदणी क्रमांक यांची यादी हवी. पेटीच्या बारकोडची यादी कोणाला हवी? 'सिंक आणि स्कॅन केव्हा व्हावे ते निवडा' हा पर्याय चालू करून स्कॅन 'नवीन गाळणी जोडल्यावरच' असे ठेवले आणि बारकोडच्या स्तंभाला यादीऐवजी साधी लिहायची चौकट दिली.

सगळ्यात महत्त्वाचा बदल जोडणीच्या नावात होता. मेटाबेस ज्या वापरकर्त्याने डेटाबेसला जोडलेला होता तोच पॅकिंगच्या सॉफ्टवेअरचाही वापरकर्ता होता, सर्व तक्त्यांचा मालक. म्हणजे अहवाल बघणाऱ्या यंत्राला तक्ता पुसण्याचाही अधिकार! सॉफ्टवेअर आपल्या बाजूने काळजी घेते म्हणून डेटाबेसने दार उघडे ठेवावे असे नाही. दोन नवे वापरकर्ते केले, एक टीव्हीसाठी आणि एक ऑफिसातल्या विश्लेषणासाठी. दोघांनाही फक्त अहवालाच्या स्कीमातले व्ह्यू वाचायची परवानगी. पोस्टग्रेसमधला व्ह्यू मुळात आपल्या मालकाच्या अधिकाराने खालचे तक्ते वाचतो, त्यामुळे या दोघांना मूळ तक्त्यांचा अधिकार द्यावाच लागला नाही. पॅकिंगला येणाऱ्या बायकांचे आधार क्रमांक, बँक खाती, फोन नंबर आतापर्यंत अहवाल बनवणाऱ्या कोणालाही दिसू शकत होते, ते बंद झाले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे व्हायलाच हवे होते. चार पैसे मिळवायला रात्री दोनपर्यंत उभ्या राहणाऱ्या बाईचा खाते क्रमांक उत्पादनाच्या तक्त्याशेजारी पडून राहता कामा नये.

वेगळे वापरकर्ते केल्याचा दुसरा फायदा असा की पोस्टग्रेसमध्ये बऱ्याच सेटिंग वापरकर्त्यागणिक देता येतात. 'स्टेटमेंट टाइमआउट' मुळात शून्य असतो, म्हणजे क्वेरी कितीही वेळ चालली तरी तिला कोणी थांबवत नाही. टीव्हीच्या वापरकर्त्याला वीस सेकंद दिले. वीस सेकंदांत आला नाही तो आकडा टीव्हीच्या कामाचा नाही. विश्लेषणाला पाच मिनिटे दिली, कारण हंगामअखेरचा शेतकरीनिहाय हिशेब खरोखर मोठा असतो. हीच सेटिंग पूर्ण सर्व्हरला लावली असती तर इंडेक्स बांधण्यासारखी लांब कामेही मधेच तुटू शकली असती.

कनेक्शनचेही गणित मांडले. पोस्टग्रेसमध्ये एकूण कनेक्शनची मर्यादा मुळात १०० असते, त्यातली तीन सुपरयुजरसाठी, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी, राखीव. मेटाबेस जोडलेल्या प्रत्येक डेटाबेससाठी मुळात १५ कनेक्शनपर्यंतचा पूल, म्हणजे तयार कनेक्शनांचा साठा, ठेवतो. आपण तोच डेटाबेस दोन वापरकर्त्यांनी दोनदा जोडला म्हणजे ३०. बाकीची पॅकिंगच्या सॉफ्टवेअरला पुरून उरत होती, पण अहवालांना इतकी हवीत कशाला? पूलचा आकार एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करताना दिलेल्या सेटिंगमधून, पाचवर आणला आणि पोस्टग्रेसकडून या दोघांपैकी प्रत्येक वापरकर्त्याला आठाची मर्यादा घातली. क्रम असाच असावा. डेटाबेसची मर्यादा पूलपेक्षा कमी ठेवली तर क्वेरी रांगेत थांबायच्या ऐवजी थेट चूक दाखवतात आणि टीव्हीवर लाल चौकटी झळकतात.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने सापडली आणि ती हंगाम संपेपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. मेटाबेस स्वतःची माहिती, म्हणजे सगळे प्रश्न, डॅशबोर्ड, वापरकर्ते, मुळात एच-टू नावाच्या फाइलमधल्या डेटाबेसात ठेवतो. चाचणीपुरते ते ठीक आहे. इथे मात्र दोन हंगामांचे सगळे अहवाल त्या एका फाइलवर उभे होते आणि तिचा बॅकअप कुठेच नव्हता. एका रविवारी सकाळी फाइलची प्रत काढून ती सगळी माहिती पोस्टग्रेसमधल्या स्वतंत्र डेटाबेसात हलवली. त्याच वेळी एन्क्रिप्शनची किल्लीही लावली. ती नसेल तर जोडलेल्या डेटाबेसचे पासवर्ड तिथे उघडेच राहतात. किल्ली हरवली तर जोडण्यांचा तपशील परत वाचता येत नाही, म्हणून तिची एक प्रत बंद पाकिटात नानांच्या तिजोरीत गेली.

न केलेली कामे

नानांना क्लाउड सांभाळणाऱ्याने 'वर्क मेम', म्हणजे क्वेरीला कामापुरती मिळणारी मेमरी, वाढवून २५६ एमबी करायचा सल्ला दिला होता. मुळात ती चार एमबी असते आणि मोठ्या बेरजा-वर्गवारीसाठी ती तोकडी पडते हे खरे. पण ही मेमरी कनेक्शनमागे एकदाच मिळत नाही. एका क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला (क्रम लावण्याला) आणि हॅशला (जुळवणी-वर्गवारीला) वेगवेगळी मिळू शकते. शंभर कनेक्शनांनी एकेकदा जरी घेतली तरी पंचवीस जीबीच्या वर जाते आणि यंत्रात होती सोळा. सर्व्हरची सेटिंग चारच ठेवली आणि एकट्या विश्लेषणाच्या वापरकर्त्याला ६४ एमबी दिली.

अहवालांसाठी डेटाबेसची वेगळी प्रत, म्हणजे रिप्लिका, उभी करायचाही विचार झाला. कल्पना चांगली आहे, पण फुकट नाही. मूळ डेटाबेसमध्ये जुन्या ओळींची साफसफाई झाली की तो बदल रिप्लिकावरही लागू व्हावा लागतो. तिथे एखादी लांब क्वेरी त्याच ओळी वाचत असेल तर पोस्टग्रेस मुळात तीस सेकंद वाट बघतो आणि मग क्वेरी रद्द करतो. हे टाळायला 'हॉट स्टँडबाय फीडबॅक' चालू करता येतो, पण मग साफसफाई मूळ डेटाबेसवर खोळंबते आणि तक्ते फुगतात. म्हणजे रिप्लिका घेतली की पुन्हा कोणाला झुकते माप द्यायचे हे ठरवणे आलेच. इंडेक्स आणि टाइमआउट लावल्यानंतर सहाच्या सुमाराला स्कॅनर अडकायचे थांबले होते. म्हणून रिप्लिकाचा खर्च या हंगामात करू नये असे आम्ही सांगितले आणि मोठा सर्व्हरही घेतला गेला नाही. बेदाणा युनिटचे आकडे याच डेटाबेसात आणायचे नानांच्या मनात आहे. ते ठरले की रिप्लिकाचा विषय पुन्हा घ्यावा लागेल.

मजुरीच्या आठवड्याचे मात्र अजून ठरायचे आहे. मेटाबेसमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो, तो बदलता येतो, पण टाइमझोनसारखाच सगळ्यांना मिळून एक. दादा बाजाराच्या आदल्या दिवशी मजुरी वाटतात आणि त्यांचा आठवडा तिथे संपतो. ताईंची बँक आणि निर्यातीची कागदे सोमवारपासून चालतात. पाळी दिनांकाप्रमाणेच 'मजुरी आठवडा' असा स्तंभ व्ह्यूमध्ये घालायची तयारी आहे. ऑक्टोबर छाटणीआधी दादा, ताई आणि नाना पुन्हा एकत्र बसतील तेव्हा तो कोणत्या वारी सुरू करायचा ते ठरेल आणि मगच तो लिहिला जाईल.